परतीचा गॅस

इनास, तुझ्या दफनविधीत मी एकही विनोद केला नाही. लोकांनी त्याचा अर्थ असा काढला की माझी शुगर उतरली आहे. दोघातिघांनी खिशातून गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. आपल्या पापडी गावात मरण असो की बारसं, मी दिसलो की माणसं हसायला तोंड तयार ठेवतात. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं तशीच राहिली.

तुला टाय घातला होता. गळ्याशी काही आवळलेलं तुला कधी चाललं नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा चर्चच्या पायऱ्या उतरता उतरता तू टाय काढून माझ्या खिशात कोंबला होतास. मी सेलिनच्या कानाशी लागलो, "वहिनी, टाय जरा सैल करू का?" ती म्हणाली, "दादा, आता काय फरक पडतो?" मला पडत होता. पेटीचं झाकण लागेपर्यंत मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, टायकडेच पाहत होतो.

सातव्या दिवसाची मिस्सा झाली, पाहुणे पांगले, मंडपवाल्याने खुर्च्या नेल्या. मंडपवाला मीच, दुसरं कोण नेणार? आता मी तुझ्याशी भांडायला मोकळा झालो. हॉस्पिटलात त्या सिलिंडरवरून आपलं जे भांडण चाललं होतं, ते तू अर्धवट टाकून गेलास. आणि शेवटचा शब्द दुसऱ्याचा राहिला की माझं काय होतं, ते तुला चांगलं ठाऊक आहे.

तुमची केळीची वाडी आणि आमची खाडीकडची भातशेती यांच्यामध्ये ते बावखल होतं. गोड्या पाण्याचं, हिरवंगार, मधोमध कमळं. आता तिथे इमारत उभी आहे आणि तिच्या तळमजल्यावर पावसाळ्यात गाड्या पोहतात. पण तेव्हा तिथे आपण पोहायचो. तू बुडी मारलीस की वर यायचं नाव काढायचा नाहीस. मला तेवढा दम नव्हता, पण अक्कल होती. मी पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून कमळाच्या पानांआड लपायचो आणि नळीने आरामात श्वास घेत तुला हरवायचो. माझी आई काठावरून ओरडायची, "मेल्यांनो, पान्यात काय ठेवलंय तुमच्या बापाचं? भायेर या!"

एक दिवस तू मला देठासकट पकडलंस. मला वाटलं, आता हा मला बुडवणार. तू देठ हातात घेऊन त्यातून आरपार पाहिलंस आणि म्हणालास, "नाटक्या, याच्याहून लांब मिळाला तर किती खोल जाता येईल?"

मार खाल्ला असता तर परवडलं असतं. या प्रश्नाने तुला माझ्यापासून किती लांब नेलं!

पुढे तू समुद्रात गेलास, तेलाच्या विहिरींवर पाणबुड्या म्हणून. पहिल्या सुट्टीला आलास तेव्हा तुमच्या ओट्यावर बसून वाडीतल्याच केळ्यांची सुकेळी खात मला ज्ञान देत होतास.

"खूप खोल गेलं ना, की आपली रोजची हवासुद्धा चढते. दारूसारखी."

"फुकट?"

"ऐक तर. मी एकदा पाइपाजवळ बसून हातातल्या पान्याला 'नमो मरिया' शिकवत होतो. बोल्ट आवळायचा पाना, लोखंडाचा! आणि तो मधल्या ओळी गाळतो म्हणून त्याच्यावर चिडलो होतो. वरच्या माणसाने वायरवर ऐकलं, तेव्हा ओढून काढला मला."

"मग पान्याला पाठ झालं का?"

"हवेतला नायट्रोजन चढतो. म्हणून तो कमी करायचा आणि त्या जागी हेलियम भरायचा. ऑक्सिजन मोजूनमापून. हेलियम कितीही खोल गेला तरी डोक्याला चढत नाही. थंडी वाजते, आवाज बदकासारखा होतो, पण डोकं जागेवर राहतं."

"म्हणजे माझ्या कामाचा नाही."

"नाहीच. तुला डोकं जागेवर ठेवून करायचंय काय?"

पण माझ्याच कामाचा निघाला की! मी डेकोरेशनचा धंदा काढला, मांडव आले, खुर्च्या आल्या, आणि मग लोकांना वर उडणारे फुगे हवेसे झाले. कामणच्या गोदामात माझे हेलियमचे सिलिंडर उभे राहू लागले. सगळ्या वसईत हेलियमवर जगणारी दोन माणसं, एक वर बघणारा आणि एक खाली जाणारा, आणि दोघं एकमेकांना मूर्ख समजणारी.

जोआना जन्मली तेव्हा तू जहाजावरच्या त्या लोखंडी खोलीत होतास. खोल काम करणाऱ्यांना वर आल्यावरही समुद्रतळाच्याच दाबात ठेवतात, श्वासाला हेलियम देतात आणि मग दाब हळूहळू उतरवत आणतात, हे तू मला शंभरदा समजावलं होतंस. दार हाताच्या अंतरावर होतं, पण उघडायला अजून दिवस होते. "आत्ता उघडलं तर सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून मरेन," तू म्हणायचास. मी फोनवर बातमी दिली. पलीकडून तू जे काही बोललास ते बदकाच्या आवाजात. मी बाळंतिणीला जाऊन सांगितलं, "वहिनी, बाप आनंदाने क्वॅक क्वॅक करतोय." ती हसता हसता रडली. तू परत आल्यावर म्हणालास, "दार समोर होतं रे. नुसतं बघत बसलो."

मग जोआनाचा पहिला ख्रिस्तप्रसाद. पांढरे फुगे मी फुकट लावले होते. पोरं कंटाळली होती, म्हणून मी एका फुग्याची गाठ सोडली, गॅस ओढला आणि चिमुकल्या आवाजात फादरांचं प्रवचन सुरू केलं. पोरं लोळायला लागली. स्वतः फादर लोळायच्या बेतात होते. आणि तू मांडवातून तरातरा आलास आणि सगळ्यांदेखत माझ्या मुस्काटात मारलीस.

"यात ऑक्सिजन नसतो, गाढवा! दोन-चार श्वासांत माणूस आडवा होतो. कळतसुद्धा नाही. उद्या ही पोरं करतील!"

गाल महिनाभर नाही, पण अभिमान चांगला वर्षभर दुखला. तू मात्र दुसऱ्या दिवशी येऊन माझ्याच गोदामात चहा मागितलास आणि मारल्याबद्दल माफी मागायच्या ऐवजी नवीन भांडण काढलंस.

"एवढा गॅस तू बारशाला उडवतोस? अरे, हा एकदा हवेत गेला की पृथ्वी सोडून जातो. परत मिळत नाही. यात एक माणूस खाली नेऊन वर आणता येतो."

"आणि तू काय करतोस? बुडबुडे काढूनच सोडतोस ना? माझा गेला तर पोरं टाळ्या तरी वाजवतात. तुझ्या बुडबुड्यांना कोण वाजवतं, मासे?"

"मी त्याच्यावर जगतो."

"मीही त्याच्यावरच जगतो, इनास शेठ!"

हे भांडण तीसेक वर्षं चाललं. तुझी नोकरी संपली, तरी तुझा हेलियम सुटला नाही. बुडालेली जहाजं बघायला जाणाऱ्या हौशी लोकांना तू शिकवू लागलास. त्यांना आधी पोहायला नाही, संशय घ्यायला शिकवायचास. टाकी कोणीही भरलेली असू दे, सख्ख्या भावाने भरलेली असू दे, ज्याने ती श्वासात घ्यायची त्याने स्वतः यंत्र लावून तपासायची आणि आत काय आहे ते स्वतःच्या हाताने पट्टीवर लिहून टाकीवर चिकटवायचं. मी म्हणायचो, "एवढा संशय तर बायकोवरही घेऊ नये." तू म्हणायचास, "बायको पाण्याखाली लागत नाही."

यंदा पाऊस सुरू झाल्यावर तुझा श्वास शिट्टी मारू लागला. तू म्हणालास, सर्दी. मी म्हणालो, म्हातारपण. दोघंही चुकलो. श्वासनळीत गाठ होती, पार खाली, जिथे नळीला दोन फाटे फुटतात तिथे. गळ्याला भोक पाडून उपयोग नव्हता, कारण भोकाच्या खाली गाठ. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण खोटं बोलत नव्हत्या. म्हणाल्या, व्हेंटिलेटरवर घेता येईल, पण मग झोपवून ठेवावं लागेल, बोलणं संपलं. तू मान हलवलीस. नको. जोआना टोरांटोहून निघाली होती. तिच्याशी बोलायचं होतं. त्या दिवसानंतर तुझ्या आयुष्यात तेवढं एकच काम उरलं होतं, आणि आम्ही सगळे त्या एका कामाला लागलो होतो.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं. "हेलियम आणि ऑक्सिजनचं तयार मिश्रण मिळतं. हलकं असतं, अरुंद जागेतून सहज जातं. आमच्याकडे नसतं, मुंबईहून मागवते. पण लक्षात घ्या, याने गाठ जात नाही. फक्त सवड मिळते."

मी तुला माझ्या भाषेत समजावलं, "मांडवाच्या गर्दीत जाडा पाहुणा अडकतो ना, आणि बारकी पोरं पायांखालून निसटून थेट जेवणाच्या टेबलाशी पोचतात, तसं." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं एखादा बिशप प्रवचन देणाऱ्या सुताराकडे पाहील.

संध्याकाळी सिलिंडर आला. आणि तू काय केलंस? मास्क बाजूला सारलास आणि सेलिनला खूण केलीस. तिने पर्समधून तुझं ते तपासायचं यंत्र काढलं! घरून आणायला लावलं होतंस! एक एक श्वास ओढताना खांदे कानाला लागत होते, आणि तू हॉस्पिटलचा गॅस तपासत होतास.

सिस्टर दारातच थबकली. "हे काय करतायत अंकल?"

"परीक्षा घेतायत," मी म्हणालो. "नापास झालात तर दुसऱ्या हॉस्पिटलात जाणार."

डॉक्टरीणबाईंनी मात्र यंत्रात डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "बरोबर आहे ना?" तू अंगठा आणि बोट जुळवून पाणबुड्यांची खूण केलीस. बरोबर. मग पट्टी मागितलीस, चिकटवलीस, लिहिलंस. मगच मास्क लावलास.

इनास, ती शिट्टी थांबली. खांदे खाली आले. दहा दिवसांत पहिल्यांदा तू पाठ टेकलीस. आणि तोंड उघडून बोललास ते बदकाच्या आवाजात, "सेलिन, चहा मिळेल का?"

आम्ही इतके हसलो की शेजारच्या खोलीतला पेशंट चौकशीला आला. तूही हसलास. आपण त्या दिवशी तासभर काय काय बोललो! बावखलावरच्या इमारतीला शिव्या दिल्यास, माझ्या फुग्यांना दिल्यास, सगळं त्या कार्टून आवाजात. मी तुला म्हणालो, "आयुष्यभर मला या आवाजासाठी मारलंस आणि शेवटी माझ्याच धंद्यात आलास." तू म्हणालास, "यात ऑक्सिजन आहे, गाढवा." मला वाटलं, चला, जिंकलो.

मग तुझी नजर सिलिंडरच्या काट्यावर गेली. मी ती नजर ओळखत नव्हतो. सेलिन ओळखत होती.

"दुसरा कधी येणार?" तू डॉक्टरीणबाईंना विचारलंस.

"उद्या सुट्टी आहे. परवा दुपारपर्यंत."

"जोआना?" मला विचारलंस.

"उद्या दुपारी उतरेल."

तू काटा पाहिलास, डोळे मिटून काहीतरी हिशेब केलास आणि स्वतःच्या हाताने मास्क काढलास. सिस्टरला तोटी बंद करायला लावलीस. बंद करण्याआधी मला तेवढं सांगितलंस, "टाकीचे तीन वाटे असतात. एक जायला, एक यायला, एकाला हात लावायचा नाही. खाली बरं वाटतंय म्हणून परतीचा गॅस खाल्ला, तो माणूस वर येत नाही. जोआना येईल तेव्हा उघडायचा."

मग पुन्हा ती शिट्टी. नाकात साधा ऑक्सिजन, पोटाशी उशी, टेबलावर वाकलेला तू, आणि उशाशी अर्धा भरलेला सिलिंडर. मी डॉक्टरीणबाईंच्या मागे धावलो. त्या म्हणाल्या, "काका, मीही समजावलं. त्यांना कळतंय ते काय करतायत. मी जबरदस्ती करू शकत नाही."

आता मी काय केलं असेल, ते तूच ओळख. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो काढला आणि कामणच्या गोदामातून दोन भरलेले सिलिंडर घेऊन निघालो. माझ्याकडे हेलियम! गोदामभर हेलियम! आणि माझा मित्र हेलियमला मोताद! सुट्टीचा दिवस, चिंचोटीच्या फाट्यावर धबधब्याला निघालेली उघडी पोरं रस्ता अडवून नाचत होती. टेम्पोवर थापा मारून विचारत होती, "अंकल, पार्टी किधर है?" मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

हॉस्पिटलच्या वॉचमनने सिलिंडर पाहिले. त्यांच्यावर माझ्या धंद्याचा जोकर रंगवलेला आहे, लाल नाकाचा. तो म्हणाला, "काका, बर्थडे कोणत्या वॉर्डात?"

मी तिथे फाटकात नाटक केलं, इनास. आयुष्यातलं सर्वात मोठं, आणि एकही टाळी नाही. शेवटी डॉक्टरीणबाई खाली आल्या. त्यांनी जोकराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "हा फुग्यांचा आहे. यात ऑक्सिजन नाही आणि दुसरं काय आहे ते कोणी तपासलेलं नाही. हा मी कोणाच्याही तोंडाला लावणार नाही."

"पण इनास मिसळेल ना! जन्मभर त्याने हेच केलंय!"

"त्यांनाच विचारा."

मी जिने चढत आलो आणि तुला खिडकीतून टेम्पो दाखवला. "आणलाय. तू फक्त सांग ऑक्सिजन किती घालायचा, बाकी मी बघतो." तू खाली पाहिलंस. लाल नाकाचे दोन जोकर भर पावसात तुझ्याकडे बघून हसत होते. तुला हसू आलं. आणि हसू आल्यावर श्वास गेला. तुझे ओठ निळे पडले, सेलिन किंचाळली, "दादा, हसवू नका हो त्यांना!"

श्वास परत आल्यावर तू एक एक शब्द सुटा सुटा माझ्यापुढे ठेवलास. "न तपासलेला... नाही... घ्यायचा."

"आता तरी हट्ट सोड ना रे!"

तू नुसती मान हलवलीस. आणि माझ्या हातावर थोपटलंस. मला! तू मला धीर देत होतास!

तो उरलेला दिवस मी कसा काढला ते तुला सांगायला नको, तू समोरच होतास. तू गोष्ट सांग अशी खूण करायचास, आणि हसवायची बंदी. माझ्याकडे न हसवणाऱ्या गोष्टी कुठून असणार? मी तुला टेम्पोच्या पासिंगची गोष्ट सांगितली. सातबाऱ्यावर नाव चढवायची सांगितली. गोदामाच्या गळक्या पत्र्याची सांगितली. जगातला सगळ्यात कंटाळवाणा माणूस व्हायचा मी जिवापाड प्रयत्न करत होतो, आणि मधूनच तुझ्या ओठाचा कोपरा हलला की घाबरून गोष्ट तिथेच तोडायचो.

दुपारी जोआनाचा फोन आला. मधल्या विमानतळावर पुढचं विमान चुकलं होतं, आता संध्याकाळ होईल. मी ते तुला सांगितलं. तू डोळे मिटलेस.

तेव्हा मी तोटीला हात घातला. होय, घातला. मला ती शिट्टी ऐकवेना. "संध्याकाळपर्यंत तू राहिलास तर बोलशील ना! थोडा घे. अरे, थोडासाच!" तू हात उचललास आणि माझ्या हातावर ठेवलास. त्या हातात काही जोर नव्हता, इनास. केळीच्या पानाएवढं वजन नव्हतं त्यात. मी तो सहज झटकू शकलो असतो, तोटी फिरवू शकलो असतो, तुला मास्क लावू शकलो असतो, तू काय करणार होतास? मी झटकला नाही. आपण दोघं तसेच बसलो, तोटीवर माझा हात, त्यावर तुझा. मी कोणाचं ऐकलं म्हणू? तुझं, की माझ्या भित्रेपणाचं? उघडला असता तर तुला चार तास बरे गेले असते आणि पोरीला बाप मुका मिळाला असता. नाही उघडला, तर तुझे ते चार तास मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. यातलं बरोबर कुठलं ते मला अजून कळत नाही. भांडण म्हणतो ते हेच. तुझी बाजू तू हाताने मांडलीस. माझी बाजू मला मांडताच आली नाही.

दिवेलागणीला जोआना आली. पाठीवरची सॅक तशीच, केस विस्कटलेले, बूट भिजलेले. दारात थांबून ती "पप्पा" एवढंच म्हणाली. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. उघड.

मी तोटी उघडली, मास्क लावला, आणि तुझ्यात हळूहळू माणूस भरत गेला. खांदे उतरले, ओठांना रंग आला. मी सिलिंडरमागे सरकून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण कोणीतरी काट्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. बाहेर जायला हवं होतं, हे खरं. पाय निघाले नाहीत.

तुम्ही तिघं काय बोललात ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की जोआना आधी तुझ्या आवाजाला हसली, मग ओशाळली, मग तूच तिला चिडवलंस आणि ती पुन्हा हसली. मोठं काहीच बोलला नाहीत. वाडीतल्या चाफ्याचं, तिच्या घरमालकिणीच्या कुत्र्याचं, सेलिनच्या गुडघ्याचं. काटा उतरत होता आणि मी मनातल्या मनात तुला ओरडून सांगत होतो, अरे, मुद्द्याचं बोल, कुत्रा राहू दे! माझाही एक शब्द होता. तुझं झाल्यावर बोलू, म्हणून थांबलो होतो.

काटा तळाला टेकला. मास्कमधला गॅस विरळ होत गेला आणि तुझा आवाज बदलला. बदक गेलं. तुझा स्वतःचा आवाज परत आला, जाडा, खरखरीत, ओट्यावरचा. हलका गॅस संपला म्हणूनच तो आला होता, आणि तो आला तेव्हा मागे श्वास नव्हता. त्या आवाजात तू जोआनाला विचारलंस, "जेवलीस का?"

ती म्हणाली, "हो पप्पा. विमानात."

मी अजून तोटी फिरवत होतो. ती आधीच पूर्ण उघडी होती. त्यापुढे तिला फिरायला जागाच नव्हती, तरी मी दोन्ही हातांनी जोर लावत होतो, आणि सिस्टर माझा खांदा धरून म्हणत होती, "काका, सोडा. काका, सोडा आता."

त्यानंतर तू बोलला नाहीस. सकाळी गेलास. दुपारी नवा सिलिंडर आला, सील न तोडलेला. मी सही करून तो परत पाठवला.

जोआना अजून इथेच आहे, रविवारी जाईल. ती विमानात काही खाऊन आली नव्हती. तिच्या सॅकमध्ये विमानातल्या जेवणाचा डबा जसाच्या तसा सापडला सेलिनला. घरी चूल पेटवायची नाही म्हणून शेजारपाजारचे पेज आणतात, भात-कालवण आणतात, ताटं झाकून ठेवलेली असतात. मी रोज जातो. माझ्याकडे तिच्यासाठी एकही गोष्ट नाही, हसवणारी नाही आणि न हसवणारीही नाही. मग मी तिच्यासमोर बसतो आणि तेवढंच विचारतो, "जेवलीस का?"

ती म्हणते, "हो अंकल."

ताट झाकलेलंच असतं, इनास. मी काय करू, सांग.